ताईंनी धरून ठेवलेली जागा

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवी रोजनिशी! नवरा म्हणाला, चार दिवसांत दोन्हींचा कंटाळा करशील. बघूच. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय, खुर्ची मस्त मऊ आहे आणि माणसं मोजकी. साहेब हसतमुख आहेत. टेस्टिंग करणारीला सगळे ‘चाळणी’ म्हणतात, कारण तिच्या हातून खडा निसटत नाही.

काम माझ्या आवडीचं, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं. संध्याकाळी ते मुंगीला समजावून सांगितलं. मुंगी म्हणजे माझी सहा वर्षांची लेक. हे नाव फक्त मी वापरते. एरवी डिस्कवरची माहिती आधी कर्नलकडे येते आणि मग तो ती प्रोग्रॅमला वाढतो. माझ्या कामात हा मधला वाढपीच नाही, डिस्क थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहिते. म्हणून तिचं लिहून होईपर्यंत कर्नलने ती जागा धरून ठेवायची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मधेच सोडली तर डिस्कला त्याचा पत्ताही नसतो. ती त्याच जागी लिहीत राहते, मग तिथे आता कुणीही राहत असो. मुंगी म्हणाली, मग जो राहतोय त्याने जोरात ओरडायचं. हुशार आहे माझी पोर.

गुरुवार, ६ मार्च

माझ्याआधी या टेबलावर ताई होत्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. मागच्या वर्षी एका दुपारी काम करता करता याच खुर्चीत गेल्या. हे मला आज कळलं, खुर्चीच्या मऊपणाचं सगळ्यांसमोर तोंड भरून कौतुक केल्यानंतर.

वाईट वाटलं. पण मग दिवसभर ताईपुराण ऐकलं आणि ते वाईट वाटणंही ओसरलं. ताई चहा बिनसाखरेचा घ्यायच्या. ताई अंबाड्यात पेन्सिल खोचायच्या. ताई कधी आवाज चढवायच्या नाहीत. (हे माझ्याकडे बघून.) त्यांचं यंत्र माझ्या टेबलाखाली अजून सुरू आहे. त्या गेल्या तेव्हा त्याच्या डिस्कवरून काहीतरी वाचून घेणं चाललं होतं, ते अजून पुरं झालेलं नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असतो. साहेबांना ते बंद करवत नाही. मनात म्हटलं, त्यालाही पगार सुरू करा.

बुधवार, १२ मार्च

ताईंचं कोड वाचलं. चांगलं आहे. फारच चांगलं आहे, आणि तेच मला बघवत नाही. दोन दिवस खोट शोधत होते, आज एक सापडली. डिस्कने ‘झालं’ असं कळवलं नाही, तर ताईंचं कोड जागा धरून नुसतं वाट बघत बसतं. कायमचं! मी ठरावीक वेळेनंतर जागा मोकळी करणारं कोड लिहिलं.

चाळणी म्हणाली, जागा सोडण्याआधी डिस्कलाही थांबवायला हवं, ते कुठाय? वर म्हणाली, ताईंनी असं अर्धवट केलं नसतं. झालं, माझ्या अंगाची लाही लाही झाली. ते उद्या करू म्हटलं आणि मुद्दाम ताईंच्याच यंत्रावर, ते चालू असतानाच, माझं कोड चढवलं. वेग वाढला. एक जागा खूप दिवस अडकून पडली होती, तीही सुटली. साहेब वा म्हणाले. मग म्हणाले, ताईंना आवडलं असतं.

मेलेल्या बाईवर इतकं कुणी जळत असेल का? मी जळते.

सोमवार, १७ मार्च

आज चहात साखर घालायची विसरले आणि तो आवडला. दुपारी कोड वाचताना हात आपोआप डोक्यामागे गेला, पेन्सिल खोचायला. माझे केस मानेपर्यंतही येत नाहीत. पेन्सिल खाली पडली. चाळणी बघत होती. मी नक्कल करतेय असं सांगून हसले. ती हसली नाही.

गुरुवार, २० मार्च

नवऱ्याने आज कौतुक केलं. म्हणाला, हल्ली किती शांत झालीस, आठवडा झाला घरात आवाज नाही. लेक म्हणाली, काल सांगितलेली गोष्ट पुन्हा सांग. कोणती गोष्ट? मी काल कुठलीच गोष्ट सांगितली नव्हती. ती मांडीवरून उठेना. पूर्वी अशी बसायची नाही.

खरं तर मला आनंद व्हायला हवा. पण माझा जळफळाट झाला. ऑफिसात ती ताई वरचढ होतीच. आता माझ्या घरात, माझ्या नवऱ्यासमोर, माझ्याच मांडीवर माझ्या लेकीला घेऊन—

शुक्रवार, २१ मार्च

चाळणीला सगळं सांगितलं. तिने वाकून टेबलाखालचा लुकलुकता दिवा पाहिला. म्हणाली, ताईंनी जी जागा धरून ठेवली होती ती तू सोडलीस. डिस्कचं लिहिणं मात्र थांबवलं नाहीस. मग ती आता कुठे लिहितेय?

ताईंचं कोड परत चढवलं. उपयोग नाही. सुटलेली जागा पुन्हा धरता येत नाही. यंत्र बंद केलं. वायर उपटून हातात घेतली.

दिवा अजून लुकलुकतोय.

सोमवार, २४ मार्च

लेक विचारते, मला त्या नावाने हाक का मारत नाहीस. कोणतं नाव? म्हणाली, तुझं, तुझं एकटीचं. सांग म्हटलं तर रडायला लागली— तूच सांग म्हणे.

या वहीत आहे. पहिल्याच पानावर. वाचलं. पान मिटलं, गेलं. पुन्हा वाचलं, पुन्हा गेलं. पान उघडं धरून हाक मारली, तर तोंडातून ‘बाळ’ निघालं. मी तिला कधीच बाळ—

मंगळवार, २५ मार्च

ओरडायचं असतं. असं कुणीतरी सांगितलं होतं. कोण ते—

ओरडले. खूप ओरडले. नवरा म्हणाला, आता पुन्हा पहिल्यासारखी होऊ नकोस. लेक त्याच्या मागे लपली.

दोघांना तीच हवी आहे. मी नको. माझ्याच घरात मी—

गुरुवार, २७ मार्च

आजचा दिवस चांगला गेला. सकाळी बिनसाखरेचा चहा घेतला. बाळाचे केस विंचरले, तिला शाळेत सोडलं. गृहस्थ स्वभावाने गरीब आहेत. घर हवेशीर आहे. आजवर आपलं म्हणावं असं घर नव्हतं. इतकी वाट पाहिली, ती वाया गेली नाही.

अजून थोडं यायचं राहिलं आहे. ते आलं की ‘झालं’ म्हणून कळवता येईल. मधेच हात आखडतो, अक्षर बिघडतं. आधीची थोडीशी शिल्लक असावी. घाई नाही.

झोपताना बाळ विचारत होतं, माझी आई कुठे गेली. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की ही काय, इथेच तर आहे तुझी आई, हे बघ, मी मुंगे मी ओरडतेय गं ऐकू येतंय का मुंगे मी अजून इथ—