मंडईत पडून राहिलेल्या वीराची व्यवस्था

मी, हमीदा जब्बार अत्तार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी पुस्तकबांधणी, आता काही नाही, राहणार गंज पेठ, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची कायद्याला गरज नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. मुलगा इम्तियाज याने 'लिहू नकोस' असे सांगितले होते, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. आमच्या घरात बोलणे दखनीत आणि वाचणे मराठीत असे चालत आले, म्हणून हे मराठीत आहे. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. आमच्या शरियतीप्रमाणे मला एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. बाकीचे वारसाला आपोआप जाते. माझा वारस एकटा इम्तियाज. गंज पेठेतल्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव त्याची. तो वारज्याला राहतो, तेव्हा खोल्या विकेल हे मला ठाऊक आहे. विकाव्यात. फक्त मोरीचा नळ उलट्या बाजूने फिरतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. कागद कापायचे यंत्र, पुस्तके दाबून धरायचे दोन्ही शिकंजे, सुया आणि घडी दाबायची हाडाची पट्टी ही बजरंगला द्यावीत. तो माझ्या यजमानांच्या हाताखाली तयार झाला आणि आता दुकान तोच चालवतो. यंत्राला तेल वेळेवर घालावे. यजमान असते तर हे वाक्य त्यांनी शिवी घालून लिहिले असते.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हते. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे फर्मे यायचे आणि आम्ही घरी बसून त्यांच्या घड्या घालायचो. पान उलटे लागू नये म्हणून आधी आकडे ओळखायला शिकले, मग त्यांच्या शेजारची अक्षरे. यजमान म्हणायचे, "घडी घाल, वाचत बसू नकोस." मी दोन्ही करायचे. त्यामुळे पुष्कळ पुस्तके मी नुसती मधली वाचलेली आहेत.

कलम ३. माझी मुलगी कमरजहां आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण उल्का भिडे यांनी मिळून इंटरनेटवर एक मोठी गोष्ट लिहिली. ती निम्मी कमरची. कमर गेल्यावर तिचा हिस्सा माझ्याकडे आला. वकील हेमाताई म्हणाल्या, "भावाचाही वाटा असतो त्यात." इम्तियाज म्हणाला, "माझा वाटा अम्मीला दिला. मला तो नकोच आहे." मग हेमाताईंनी विचारले, "याची बाजारात किंमत किती?" मी म्हटले, "शून्य." त्या म्हणाल्या, "मग एक तृतीयांशात बसतं," आणि इम्तियाजकडून वाटा दिल्याचे लिहून घेतले.

ही गोष्ट काय आहे ते सांगणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम वेडेपणाचे वाटेल आणि माझ्या डोक्याविषयी वर लिहिले आहे त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

एका परदेशी सिनेमात एक वीर आहे. त्याचे नाव लिहीत नाही. हेमाताई म्हणतात, कंपन्या नावावरून कोर्टात जातात. मुली त्याला नुसते वीर म्हणायच्या. तो उडतो, पण उडणारे पुष्कळ आहेत. याचे वेगळे असे की, कोणाच्या जखमेवर याने हात ठेवला की ती जखम याच्या अंगावर येते आणि तो माणूस बरा होतो. अशा वीरांना आपल्या गोष्टीत आणून लिहिणारे चाहते जगभर आहेत. पैसे मिळत नाहीत. वाचणारे खाली आपले मत लिहितात.

कमरने मला तो सिनेमा दाखवला होता. वीर दोन्ही हात पसरून मरतो, डोक्यामागे सूर्य असतो, आई त्याला मांडीवर घेते आणि तिसऱ्या दिवशी तो उठतो. मी म्हटले, "हे तर चर्चमधलं आहे." कमर म्हणाली, "हो ना. म्हणूनच आम्ही त्याला पुण्यात आणतोय."

पुण्यात आल्यावर त्याच्या पाठीवरच्या कापडाचा रंग काय, यावर दोघींचे आठ दिवस बोलणे बंद होते. शेवटी मातकट ठरला. एक प्रकरण उल्का लिहायची, एक कमर. उल्कासाठी तो अवतार होता. तिने लिहिले की, एका गल्लीत लोकांनी त्याचे देऊळ बांधले आणि हा साधे कपडे घालून स्वतःच दर्शनाच्या रांगेत उभा राहिला. पुजारी म्हणाला, "ओ, चपला बाहेर." मी खूप हसले होते. पुढचे प्रकरण कमरचे. त्यात वीर घरी येतो, कपाळावरचा गुलाल धुतो आणि जमिनीला डोके टेकून रडतो, कारण ताकद त्याची नाही, दिलेली आहे, आणि लोक देणाऱ्याला सोडून त्याला हार घालतायत. "तो अवतार नाही, बंदा आहे," कमर म्हणायची. "अगं, बंदा काय, अवतार काय, थकला तरी आहे ना?" उल्का म्हणायची. यावर एकमत व्हायचे. तो प्रार्थना करताना कोणत्या भाषेत बोलतो, हे त्यांनी कधीच लिहिले नाही. तेवढे आधीच ठरले होते.

मग हडपसरच्या एका कारखान्याला आग लागते. वीर एकेकाला बाहेर काढतो, प्रत्येकाचे भाजणे आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. लोक त्याला मंडईत आणून ठेवतात, कारण एवढी गर्दी मावेल असे दुसरे छप्पर गावात नाही. हे प्रकरण दोघींनी मिळून लिहिले. पुढचे लिहायला बसल्या आणि भांडण झाले. मी आत भाकऱ्या करत होते, सगळे ऐकू येत होते.

"त्याला खड्ड्यात पुरायचं? तो आकाशातला आहे गं!" उल्का म्हणाली.

"आणि तू जाळणार? ज्यानं जळती माणसं बाहेर काढली, त्याला?"

"म्हणजे तुझ्या हट्टापायी तो मुसलमान?"

"आणि तुझ्या हट्टापायी हिंदू? तो कोण होता, हे आपण कधी ठरवलं होतं?"

मी आतून म्हटले, "आधी चहा घ्या. तो काही उठून जात नाही." उल्का हसली, पण चहा न घेता गेली. त्याच पावसाळ्यात कमरला डेंग्यू झाला. ती आजारी आहे हे उल्काला कळून ती दवाखान्यात आली, तेव्हा कमर माणूस ओळखत नव्हती.

त्यानंतर पुढे काही लिहिले गेलेले नाही. वाचणारे अजून विचारतात. एकाने लिहिले आहे, "मंडईत इतकी वर्षं प्रेत ठेवलंय, भाजीवाल्यांनी बसायचं कुठे?" पुणेकर असणार. एका बाईने लिहिले आहे, "माझ्या मुलाला हा वीर आवडायचा. त्याचं पुढे काय केलंत, एवढं सांगा." त्या बाईला उत्तर द्यायला हवे, म्हणून हे सगळे लिहीत आहे.

कलम ४. माझी नणंद हुस्नबानू हिला माझ्या चांदीच्या बांगड्या द्याव्यात. कमरला शेवटची आंघोळ घातली तेव्हा उल्का दारात उभी होती. मी तिला आत बोलावले आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. हुस्नबानू सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "परक्या मुलीला आत कशाला?" त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, माझे हात कामात होते. आज देते. मी गेल्यावर मला आंघोळ हुस्नबानूनेच घालावी, तिच्याइतक्या नीट दुसऱ्या कोणाला येत नाही. पाणी उल्काने द्यावे. हे मान्य नसेल तर बांगड्या बजरंगच्या सुनेला द्याव्यात.

कलम ५. इम्तियाजचे म्हणणेही इथे नोंदवते, कारण ते खोटे नाही. तो म्हणतो, "अम्मी, इंटरनेटवरचं ते गोष्टीचं पान काढून टाक. काळ बरा नाही. उद्या कुणी एक तुकडा उचलून फिरवला की यात देवाची टिंगल आहे, तर? आणि आपल्यातलाच कुणी म्हणाला की माणसाला खुदा केलाय, तर? दोन्हीकडून आपल्यालाच."

मी म्हटले, "वाचलं तर कळेल त्यांना."

"वाचत कोण बसतं? माझी पोरगी शाळेत जाते, अम्मी."

मग आमचे असे ठरले: शेवटचे प्रकरण लागेपर्यंत इम्तियाजने पानाला हात लावू नये. ते लागल्यावर सहा महिने राहू द्यावे, म्हणजे विचारणाऱ्यांना वाचता येईल. नंतर पान काढावे. बजरंगने सगळी गोष्ट छापून घेऊन कापडी बांधणीत दोन प्रती बांधाव्यात, एक उल्काला, एक इम्तियाजच्या मुलीला. तिला ती सोळा वर्षांची झाल्यावर द्यावी. बापाने आधी वाचावी. त्याने अजून एक ओळही वाचलेली नाही. बहिणीचे अक्षर दिसेल म्हणून घाबरतो. सगळे छापील आहे, अक्षर दिसणार नाही, हे त्याला सांगून झाले आहे.

कलम ६. कथेतला माझा हिस्सा, म्हणजे कमरचा, मी उल्का भिडे हिला देत आहे. अटींवर.

अटी का, ते सांगते. या थंडीत उल्का आली होती. ती दर ईदला येते, पण या वेळी मध्येच आली. म्हणाली, "खाला, मी दफन लिहून टाकते. कमरला तेच हवं होतं."

"आणि तुला?"

"माझं काय. ती नाही, आता जिंकून काय करू?"

"ती असती तर इतक्यात मान तुकवली असतीस?"

"छे. अजून भांडत असते."

मग म्हणाली, "अग्नी लिहायला बसते तर वाटतं, तिच्या पाठीमागे करतेय. माती लिहायला बसते तर वाटतं, ती मेली म्हणून तिला खेळात जिंकवतेय. ती चिडेल."

चिडली असती. म्हणून अटी अशा.

पहिली. त्याला उठवू नये. कंपनीने उठवला, त्यांचा धंदा आहे. ज्यांच्या घरातले कोणी उठले नाही, तेही हे वाचतात.

दुसरी. आधी आंघोळ. अग्नी असो वा माती, आंघोळ दोन्हीकडे घालतात, आणि भांडणात दोघीही ती विसरल्या होत्या. तेवढा भाग मी लिहिला आहे. उल्काने शुद्धलेखन बघावे, बाकी जसाच्या तसा घ्यावा:

'मंडईतल्या हमालांनी वीराला फळीवर घेतले. पालेभाजीवर मारायचे पाणी पिंपात होते, ते त्यांनी कोमट केले. तोंड धुतले, मग उजवा हात, मग डावा. अंगावर जागा शिल्लक नव्हती. एक हमाल म्हणाला, हे पोळलेले माझ्या भावाचे आहे, तो हडपसरला कामाला असतो. दुसरा म्हणाला, हा खांद्यावरचा व्रण माझा. हे ऐकून बाहेरचे लोक आत येऊ लागले. ज्याने त्याने आपली जखम ओळखली आणि धुतली.'

तिसरी. यापुढचे उल्काने एकटीने लिहावे. कमरच्या हिश्श्याची परवानगी मी देते, अग्नीलाही. मात्र 'तू जाळणार? ज्यानं जळती माणसं बाहेर काढली, त्याला?' हा कमरचा प्रश्न त्या गर्दीत कोणीतरी विचारलाच पाहिजे, तिने विचारला तसाच, सौम्य न करता. आणि उल्काने त्याला उत्तर दिले पाहिजे. उत्तर पटले तर अग्नी द्यावा, पटले नाही तर माती. पटले की नाही ते उल्कानेच ठरवावे. कमर कशाने गप्प बसायची, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वरचा मजकूर मी चष्मा लावून दोनदा वाचला. खाडाखोड नाही. पटला म्हणून सही करते.

स्थळ: गंज पेठ, पुणे
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२४

(सही) हमीदा जब्बार अत्तार

हमीदाबाईंनी आम्हा दोघांच्या देखत, पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही त्यांच्या देखत केली. आमच्यापैकी कोणाला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. (सही) श्रीनिवास अनंत देवधर, निवृत्त शिक्षक, शुक्रवार पेठ, पुणे
२. (सही) अल्लाबक्ष हुसेन तांबोळी, दुकानदार, गंज पेठ, पुणे