भिंतीवरचं नाव

ती. लोटननाना,

हे पत्र तुमच्या हाती देणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

तुमच्या घरामागचा डोंगर खचू नये म्हणून पंचायतीने भिंत बांधली. पाणी निघायला इंजिनिअरने तिच्यात भोकं ठेवली होती. पण ते गढूळ पाणी नेमकं ‘सरपंच दिपमालाताई’ या रंगवलेल्या अक्षरांवरून ओघळायचं. उद्घाटनाला साहेब येणार, म्हणून मीच गवंड्याकडून भोकं सिमेंटने बुजवून घेतली.

पावसात पाणी मागे तुंबलं आणि भिंतीसकट डोंगर तुमच्या गोठ्यावर आला. गाय गेली. तुम्ही शाळेत राहायला आलात.

काल तिथे मला जवळ बसवून म्हणालात, “रडू नको दिपे, तुनी काय चूक शे? पाऊसच जास्त व्हयना.”

मी मान डोलावली, नाना. पदराने डोळेसुद्धा पुसले.

तुमची पुतणी,
दिपी