मांडवाचा इन्व्हर्स

देवळाली प्रवरा,
१८ डिसेंबर १९९४

तीर्थस्वरूप रंभाजीमामांना गोरक्षचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे जयमालाताईच्या सासऱ्यांच्या डोक्यावरचं टेंगूळसुद्धा बसलं.

तुम्ही लग्नाच्या संध्याकाळीच हिवरे बाजारला परतलात, त्यामुळे पुढची हकिगत तिखटमीठ लावूनच कानावर आली असणार. खरी अशी. नगरला कॉलेजात आम्हाला सध्या इन्व्हर्स फंक्शन शिकवतात. (एका फंक्शनने केलेलं दुसऱ्याने निस्तरायचं, एवढंच.) होस्टेलवर त्यावरून रोज वाद. नितीन म्हणतो, एकाला त्या फंक्शनने भागलं की झाला इन्व्हर्स. फैयाज म्हणतो, एक्स आणि वायच्या जागा बदला, अर्थ विचारू नका. दोघेही पाठांतरवाले. मर्म कळलंय ते मला: जी क्रिया केली, तिची उलट करायची. खांब रोवला असेल तर उपटायचा, दोरी बांधली असेल तर सोडायची.

मांडवपरतणीला ताईचे सासरे भिमाजीराव आले आणि चहा घेत मांडवात बसले. बाबांनी मांडव दुपारी उतरवायला सांगितला होता. मी उत्साहाच्या भरात सकाळीच हात घातला. घालताना आधी खांब रोवले, मग आडवे बांबू बांधले, शेवटी कापड टाकलं. मीही त्याच क्रमाने निघालो: आधी खांब. (प्रत्येक क्रियेची उलट अचूक होती, हे लक्षात घ्या. चुकला तो फक्त क्रम.) थोड्याच वेळात बांबू, कापड, झालर सगळं भिमाजीरावांवर आलं. आतून बराच वेळ नुसता कपबशीचा आवाज येत होता.

बाबा एवढंच म्हणाले, "कालेजात हेच शिकवत्यात व्हय? उद्यापासनं ऊस तोडाया चल."

मामा, मला कॉलेज सोडायचं नाही. गणित मला मनापासून आवडतं, आणि येतंही.

तुमचाच भाचा, सध्या मुक्काम उसात,
गोरक्ष

ता.क. रविवारी याच. बाबा तुमचा शब्द मोडत नाहीत. त्यांनी आधी राग धरला, मग माझी पुस्तकं ट्रंकेत घातली, मग कुलूप लावलं, शेवटी किल्ली करगोट्याला बांधली. तुम्ही शेवटचं आधी घ्या: किल्ली, कुलूप, पुस्तकं. रागाला हात सगळ्यात शेवटी लावा, नाहीतर मांडव तुमच्यावर पडेल.

ता.क. आणखी एक. रागाचं कारण बाबांना विचारू नका. मांडव पाडला तरी त्यांना हाच राग येतो आणि सहामाहीला गणितात नापास झालं तरी हाच. अशा वेळी राग पाहून मागे कारणापर्यंत जाता येत नाही, तिथे इन्व्हर्स नसतोच, असं आमचे सर सांगतात. निकालही नेमका त्याच सकाळी घरी पोचला होता. तुम्ही आपलं मांडवाचंच धरून चाला.