मताच्या यादीत मी वेडा

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८७०

श्रीयुत संतरामराव यांना आपल्या मेहुण्याचा, ग्यानबाचा, कृतानेक रामराम. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे शरीराने सगळे ठीक आहेत. डोक्याचं पुढे लिहितो.

आपल्याला ठाऊकच आहे, निजामीत सरकारी माणूस वही घेऊन दारात आला की तो एकाच कामासाठी: वेठीला धडधाकट माणसं किती निघतात ते बघायला. अंमलदारांचं सामान वाहून वाहून माझ्या वडिलांची पाठ वाकली, आणि जाताना ते मला जमिनीबरोबर एक सोंगही देऊन गेले. वही दिसली की डोक्यावर घोंगडं घ्यायचं आणि बैलाशी भांडत बसायचं. वेड्याला वेठीला कोण नेतो? (बैलही आता तरबेज झालाय. योग्य वेळी मान हलवतो.)

तर दिवाळीनंतर एक कारकून वही घेऊन आला. निजामी जाऊन दोन महिने झाले होते, पण अंगाला आठवलं ते घोंगडंच. शेजारचा दगडोबा तर घरातून स्वतःच ओरडला, "दगडोबा न्हाई इथं! आठ म्हैने झाले गाव सोडून!" आळीतल्या बाकी बाप्यांनीही असंच काहीबाही सांगितलं. कारकुनानं मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. असा विश्वास ठेवणारं सरकार आधी कधी आलंच नव्हतं, त्याला आम्ही काय करणार?

पुढं जवळा बाजार गावी गेलो तेव्हा कळलं की ती वही वेठीची नव्हतीच. राज्य चालवायला माणसं निवडायची आहेत, आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत आहे. शेत असो नसो, अक्षर येवो न येवो, बाई असो की बाप्या. मत नाही ते सहा महिने गावात न राहिलेल्याला आणि डोकं ठिकाणावर नसलेल्याला. (जणू आमच्याच आळीत बसून कायदा केला.) मनातून मला निवडणुकीला उभंही राहायचं होतं. पण त्याआधी यादीत नाव लागतं. संतरामराव, माझ्या बापाला कुणी कधी काही विचारलं नाही, फक्त 'उचल' म्हटलं. मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारायला आलं होतं, आणि मी बैलाशी भांडत होतो.

कचेरीत जाऊन सांगितलं, मी शहाणा आहे. कारकून म्हणाला, असे सगळेच सांगतात. मी आवाज चढवला, तर त्यानं शेरा वाढवला: 'मधूनमधून उसळतो.' शेवटी म्हणाला, सोमवारच्या आत यादीतल्या कुणाचातरी अंगठा आणा, की हा माणूस शहाणा आहे.

आता आमच्या आळीत यादीत आहेत त्या फक्त बायका. बायकांनाही सरकार मोजतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून त्यांना काय सांगायचं ते शिकवलंच नव्हतं. त्यांनी खरं सांगून टाकलं. आपली बहीण, म्हणजे आमची कारभारीण द्वारका, भाकरी थापत होती, तिला अंगठा मागितला. म्हणाली, "पंचवीस वर्सं झाली, मी बी तेच ठरवून राहिले. सरकारला येवढी घाई काहून?"

असो. थोरांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला (कचेरीच्या मते वेडा),
ग्यानबा

ता. क. – पत्राचं खरं कारण: द्वारका आपल्या शब्दाबाहेर नाही. अंगठा देण्याविषयी तिला दोन ओळी लिहाव्यात. वाचून मीच दाखवणार आहे, तेव्हा माझ्याविषयी चार बरे शब्दही घालावेत.

ता. क. दुसरा – वरचं रद्द समजावं. द्वारका म्हणते, शहाणे ठरलात तर सरकारला फसवलं म्हणून धरून नेतील. हे मला सुचलं नव्हतं. (कारकुनाला कळवू नये.) तेव्हा अंगठा देऊ नये असंच लिहावं. घरात एक मत आहे, तेवढ्यावर भागवू. ते कुणाला द्यायचं हे तिला समजावून सांगायला बसलो, तर म्हणाली, "गप बसा. तुमचं काय ते लिहून नेलंय त्यानं."