तांबड्या रेषेच्या अलीकडून

चि. धाकट्यास,

मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? शेजाऱ्याच्या सल्ल्याने तो शेकणे तू थांबवले आहेस, असे गृहीत धरते. (गृहीतक चुकले असल्यास हे पत्र बाजूला ठेव, आधी ती शेकायची पिशवी टाकून दे आणि मग पुढे वाच.) मी ठणठणीत आहे. या पत्रात कोणतीही विनंती नाही, हे आरंभीच नमूद करते. कारण माझे पत्र आले की तू आधी शेवट वाचतोस, ही तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे.

आपल्या ठकीच्या डाव्या पावलाची दुसरी शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. पहिलीच्या वेळी तू नव्हतास. बालकक्षातून शस्त्रक्रियागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर एक तांबडी रेषा आखलेली आहे; तिच्यापलीकडे रुग्ण आणि कर्मचारी यांखेरीज कोणी जायचे नाही. सुनेच्या हातातून पोर तिथे काढून घेतली. पुढचे अंतर जेमतेम वीस पावलांचे, पण त्या वीस पावलांत तिने जो टाहो फोडला, तो माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. त्यानंतर सहा महिने पांढरा सदरा दिसला की ती पलंगाखाली जाई. (आपला न्हावी, बिचारा, आता निळा घालून येतो.) आता तिचे म्हणणे असे, की पायाचे काय करायचे ते करा, पण आई आत आली तर. साडेचार वर्षांच्या मुलीने इतकी नेमकी अट घालावी, हा गुण कोणाकडून आला, याची चर्चा इथे नको.

मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना तीन अर्ज दिले. पहिल्यात सिद्ध केले, की घाबरलेल्या मुलाला भूल देणे अवघड. दुसऱ्यात, की आईजवळचे मूल कमी घाबरते. तिसऱ्यात या दोहोंतून निघणारा निष्कर्ष मांडला, कारण तो त्यांना आपला आपण काढता येईल अशी चिन्हे दिसेनात. तिन्हींवर ‘विचाराधीन’ असा शेरा पडला. बालकक्षाच्या मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, “आजी, तुमचं बरोबर आहे हो. पण नुसतं बरोबर असून इथं भागत नाही.” चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. मग मी रोज सकाळी अधीक्षकांच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसू लागले. विणकाम घेऊन. अकराव्या दिवशी ते बाहेर आले आणि म्हणाले, “आजीबाई, तुम्हाला हवंय तरी काय?” मी म्हटले, मुलांना आत नेतात त्या ट्रॉलीवर आपण पाच मिनिटे निजून पाहावे.

गृहस्थ मनाचे चांगले, निजले. प्रयोग करायचा तर सर्व अटी सारख्या हव्यात, म्हणून मी त्यांचे बूट काढवले, चष्मा माझ्या पिशवीत ठेवला, चादर गळ्यापर्यंत ओढली आणि दोन्ही बाजूंचे कठडे वर केले. इथे माझी चूक झाली. ट्रॉलीवाले काका तीस वर्षे त्या खात्यात आहेत आणि त्यांचा नेम असा, की कठडे वर झाले म्हणजे रुग्ण तयार. ते चहा पिऊन आले, कठडे पाहिले आणि निघाले. अधीक्षक ओरडले, “अहो, मला कुठे नेताय?” पण ‘नको, नको’ म्हणणाऱ्याकडे लक्ष द्यायचे नाही, हीच तर तिथली शिकवण! मी मागोमाग धावले आणि तांबड्या रेषेशी थांबले. (नियम तो नियम.) नवे साहेब, त्यांनी स्वतः ती रेषा कधी ओलांडलेली नव्हती. आत म्हणे कोणीतरी त्यांच्या भुवयांपर्यंत टोपी चढवली आणि विचारले, “सकाळपासून काही खाल्लं नाही ना, काका?” ते म्हणाले, “मी अधीक्षक आहे!” उत्तर आले, “हो, हो. घाबरू नका, सगळं छान होणार आहे.” शेवटी मोठ्या सिस्टर धावत आत गेल्या. मी रेषेपाशी उभी राहून उघड्या दारातून पाहिले ते एवढेच, की साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला होता, आणि ट्रॉली बाहेर आली तरी सोडला नव्हता.

चष्मा परत घेऊन ते थेट आपल्या खोलीत गेले. दुपारी आदेश निघाला: बारा वर्षांखालील प्रत्येक मुलासोबत एक नातेवाईक, भूल चढेपर्यंत, आत. एकट्या ठकीसाठी नव्हे, प्रत्येक मुलासाठी. खाली एक पुरवणी जोडली आहे, ती हास्यास्पद असल्याने इथे उतरवत नाही.

तुझी,
ताई

ता. क. — पुरवणी अशी: ‘अर्जदार आजीबाई गुरुवारी त्या मजल्यावर थांबणार असल्यास, त्यांच्यासोबत एक जबाबदार व्यक्ती असणे बंधनकारक.’ मी हरकत नोंदवली आहे. ती विचाराधीन आहे.

ता. क. २ — सून आत जाईल. मी रेषेच्या अलीकडे. अलीकडच्या माणसांसाठी मात्र कोणीच काही आदेश काढलेला नाही. गेल्या खेपेला तिथे बसून मी भिंतीच्या फरशा तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे आले. गुरुवारी सकाळी आठला ये. हात वगैरे धरायची गरज नाही. बाकावर माझ्या उजवीकडची जागा धरून ठेवते.