सर्दीला कुठे ताप असतो

आई, सर्दीला ताप नसतो हे तुझं वाक्य गेल्या महिन्यात मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. नातीला सर्दी झाली होती, अंगही तापलं होतं. फी द्यायचीच होती, म्हटलं माझाही प्रश्न त्यातच बसवू. त्या म्हणाल्या, "मोठ्यांना सहसा नसतो आजी, पण मुलांना सर्दीत ताप येतो की."

मी तेव्हा मूलच होते. पनवेलच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकऱ्या भाजते आहेस, मी दारात उभी, नाक वाहतंय, अंग फणफणलंय. तू तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतेस आणि तोच हात माझ्या कपाळाला लावतेस. "गार तर आहे! सर्दीला कुठे ताप असतो? नाटकं पुरे, धुणं घे." धुणं पिळता पिळता मी विहिरीपाशीच आडवी झाले. तरी तुझं एकच, पोरगी नाटकी आहे. मॅट्रिकनंतर बाबांनी कॉलेजचं काढलं तेव्हाही तेच. "शिंक आली तरी ही ताप सांगते. फी पाण्यात जाईल." बाबांनी तुझं ऐकलं आणि माझं शिक्षण तिथेच संपलं. दादाच्या कपाळाला मात्र तू हात धुऊन, पदराला पुसून, शेजारी बसून हात लावायचीस.

परवा तुझ्या श्राद्धाला कळंबोलीला दादाकडे जमलो. पानावर बसल्यावर दादा दरवर्षीसारखा सुरू झाला, "आईचा हात म्हणजे थर्मामीटर! आळीतली पोरं दाखवायला आणायचे."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी ती हात धुऊन यायची, दादा. मला तव्यावरचा हात लागायचा. त्या हाताला माझं कपाळ गारच लागणार."

वहिनी तेवढी फसकन हसली, "अगंबाई, खरंच की हो ताई!"

दादा पानात बघत म्हणाला, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"असताना कुठे बोलता येत होतं?"

आता त्या घरात तुझ्या हाताचं कौतुक निघणार नाही. मला तेवढंच हवं होतं.

रोज जप करते, मनात अढी ठेवू नये हे मलाही कळतं. ठेवली आहे. हा कागद पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी तिकीट लावलं नसतं. पण एक सांगते. श्राद्धाची खीर मी त्या दिवशी पुन्हा मागून घेतली. फार गोड लागली.