मामाची कंबर

१० मार्च
काल श्रावणीचा साखरपुडा झाला. सुशीलाताईची एकुलती एक पोट्टी, अन् मी तिचा एकुलता एक मामा. भाऊजी आता नाहीत. तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आमच्यात मामा नवरीले हातांवर उचलून मंडपात आणतो, अन् मी आणणारच. टाळ्या पडल्या. श्रावणीचे डोळे भरले. मीरा मात्र माझ्या कमरेकडे पाहून राहिली. बायकोनं चारचौघांत असं पाहू नये.

११ मार्च
लग्न २० एप्रिलले. कंबर गेली काही वर्षं दुखते, पण ते नव्या रायपुरातल्या ऑफिसच्या खुर्चीमुळे. मूळची कंबर मजबूत आहे. डॉक्टर कधीचे योग थेरपी करा म्हणून राहिले. सदर बाजारातून चटई आणली, दुकानातली सगळ्यात जाड. उद्या सकाळी पाचपासून सुरू.

१२ मार्च, सकाळी ८
उद्यापासून.

१७ मार्च
ब्राह्मणपाऱ्यातल्या योग केंद्रात नाव घातलं. शिकवणाऱ्या कौमुदी दीदी माझ्या निम्म्या वयाच्या. मकरासन, भुजंगासन, सेतुबंधासन, सगळं हळूहळू. दीदी हिंदीत म्हणाल्या, घरी रोज करा, पुढे वाकू नका, जड उचलू नका. मी मान डोलावून हव म्हटलं. लग्नाचं बोललो नाही. श्रावणी काय जड आहे?

२२ मार्च
शवासन मले फार चांगलं जमते. दीदींनी हलवून उठवलं तेव्हा बाकीचे घरी गेले होते. याले म्हणतात एकाग्रता!
घरच्या चटईवर मीरानं पापड वाळत घातले. आता मी काय करणार?

२८ मार्च
ऑफिसात बाजूच्या टेबलावरच्या पांडुरंगची कंबर आखडली. समोसे खाता खाता त्याले भुजंगासन समजावलं. चार लोक जमले. गुरुजी म्हणून राहिले मले. स्वतः करण्यापेक्षा शिकवल्यानं जास्त फायदा होते, असं दिसते.

३ एप्रिल
ताईकडे जेवण. तालीम म्हणून तांदळाचं पोतं उचलून पाहिलं. उठलं नाही. तांदूळ ओला असेल. ताईले सांगितलं की रोज पाचले उठून आसनं करून राहिलो. मीरा खोकली. श्रावणीले गमतीनं म्हटलं, जरा कमी खात जाय, मामाले उचलायचं आहे तुले. सगळे हसले, ती पण हसली. तिनं पुरणपोळी बाजूला सारली, ती मी खाल्ली.

११ एप्रिल
दीदींनी विचारलं, घरी किती वेळ करता? अर्धा तास म्हणालो. त्यांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. कसंतरीच झालं. पण आता बाकीच्यांचा उत्साह काहून मोडायचा?

१९ एप्रिल
मीरा म्हणते, ताईले खरं सांगून टाका, हात धरून आणा पोरीले, आजकाल तसंच करतात. म्हटलं, इज्जतीचा सवाल आहे. बाम चोळला. उद्या शेरवानीच्या आत पट्टा बांधतो, दिसत नाही.

२१ एप्रिल
काल लिहिलं नाही.
वाकलो. हात तिच्या गुडघ्यांखाली गेले अन् कंबर तिथंच धरली. ना वर, ना खाली. भटजी मुहूर्त चालला म्हणून ओरडून राहिले. शेवटी श्रावणीनंच माझ्या काखेत हात घालून मले मंडपात नेलं. नवरीनं मामाले आणलं. लोक हसले. हसू देत.
मागे ताई मीराले सांगत होती ते ऐकलं. पोट्टीचं ब्लाऊज दोनदा आत घ्यावं लागलं. पुरणपोळीच्या त्या दिवसापासून तिनं रात्रीचं जेवण सोडलं होतं, मामाच्या कमरेले त्रास नको म्हणून. हळदीले भोवळ आली, तर मामाले सांगू नका म्हणाली.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं माझी गंमत खरी मानली, अन् मी माझा शब्दही नाही.
पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून रडली. म्हणाली, मामा, तुम्ही एवढी मेहनत केली, मीच जड झाली.
तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणालो, असू दे बेटा.

२२ एप्रिल, पहाटे ५
उठलो. मीराले न उठवता चटई उलगडली. पापडाचा चुरा पडला. खाली बसता येत नाही. चटईवर उभा आहे.